परवाना गेला, क्लब राहिला

मेलबर्नला मुलीकडे गेले की हिवाळ्यातल्या शनिवारी दुपारी मी एडिनबरा गार्डन्समध्ये जाऊन बसते. फिट्झरॉय नॉर्थ या जुन्या उपनगरातली ही बाग. तिच्या एका कडेला लंबवर्तुळाकार मैदान आहे आणि मैदानाला लागून १८८८ साली बांधलेलं लाकडी प्रेक्षागार, कडेला ओतीव लोखंडाची जाळीदार नक्षी असलेलं. बागेतून चालत यायचं, मैदानाभोवतीच्या कठड्याला टेकायचं आणि सामना बघायचा. कुत्र्याला फिरवायला निघालेले लोकही थांबतात.

पहिल्या वर्षी मला तो गल्लीतला एक साधा हौशी क्लब वाटला. खेळाडूंना मानधन नाही. गोल झाल्यावर झेंडे हलवणारा माणूस क्लबचाच, पाणी नेणारी मुलगी क्लबची, चहाच्या खिडकीमागे खेळाडूंचे आईवडील. लाल-निळ्या जर्सीवर ‘एफएफसी’ ही तीन अक्षरं होती. शेजारच्या घरातल्या वृद्ध गृहस्थांना मी कौतुकाने या सामन्याबद्दल सांगितलं, तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, तो क्लब १९९६ साली गेला. तुम्ही बघता तो दुसरा.

मी इंदूरच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. तोच क्लब की दुसरा, हे शोधायला मी निघाले. हा लेख त्या शोधाचा आहे.

आधी खेळाविषयी थोडं. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की जो खेळ डोळ्यांसमोर येतो, तो हा नव्हे. इथे चेंडू लांबट. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. चेंडू हातात धरून पळता येतं, पण मधूनमधून तो जमिनीवर आपटावा लागतो. फेकता येत नाही. लाथेने किंवा मुठीने ठोसून पुढे द्यायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने मारला तर गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’, त्याचा एक. आणि हे सगळं चालतं ते क्रिकेटच्या मैदानावर.

क्रिकेटचं मैदान का, याचं उत्तर खेळाच्या जन्मात आहे. जुलै १८५८ मध्ये टॉम विल्स या नामवंत क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका क्रीडापत्रात पत्र लिहिलं. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग आखडू नये म्हणून त्यांनी फुटबॉलचा क्लब काढावा, अशी त्याची सूचना होती. पुढच्या वर्षी, मे १८५९ मध्ये, मेलबर्न क्लबच्या काही सभासदांनी एकत्र बसून खेळाचे दहा नियम लिहून काढले. लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली १८६३ साली. म्हणजे वसाहतीतला हा खेळ नियम लिहिण्यात त्या असोसिएशनच्या पुढे होता. उन्हाळ्यात जिथे क्रिकेट, तिथेच हिवाळ्यात फुटबॉल, ही वहिवाट तेव्हापासूनची. एका मैदानात दोन क्लब नांदायचे म्हटल्यावर भांडणंही आलीच. त्यांच्याकडे पुढे वळू.

फिट्झरॉय हे मेलबर्नच्या अगदी जुन्या उपनगरांपैकी एक. १८५८ साली त्याला स्वतःची नगरपालिका मिळाली. आकाराने लहान, वस्ती मात्र दाट. सोन्याच्या शोधात आलेली माणसं शहरात उतरली, आणि त्यांतली अनेक अशाच उपनगरांतल्या अरुंद, एकाला एक चिकटलेल्या घरांत स्थिरावली. पुढे इथे बुटांचे कारखाने आले, दारूच्या भट्ट्या आल्या, मॅकरॉबर्टसनचा मिठाई आणि चॉकलेटचा मोठा कारखाना आला. कामगारांना शनिवारी दुपारनंतर सुट्टी असे. ती अर्धी सुट्टी नसती तर हा खेळ शाळा-कॉलेजांतल्या मुलांपुरताच राहिला असता, असं मला वाटतं.

सप्टेंबर १८८३ मध्ये ब्रन्सविक हॉटेलात सभा भरली आणि फिट्झरॉय फुटबॉल क्लब स्थापन झाला. दुसऱ्या वर्षापासून तो व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनमध्ये खेळू लागला. बागेतलं हे मैदान त्याचं घर झालं. ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हल या नावाने ते ओळखलं जातं. पाच वर्षांत ते प्रेक्षागार उभं राहिलं, १८९५ मध्ये क्लबने विजेतेपद मिळवलं. पुढच्याच वर्षी आठ मोठ्या क्लबांनी असोसिएशनपासून फारकत घेऊन व्हिक्टोरियन फुटबॉल लीग काढली, तीत फिट्झरॉय होता. १८९७ मध्ये लीगचा पहिला हंगाम सुरू झाला. १८९८ आणि १८९९ ही दोन्ही विजेतेपदं फिट्झरॉयने जिंकली. १९०४, १९०५ आणि १९१३ सालीही तोच विजेता होता.

वेगळ्या कारणाने लक्षात राहतं ते १९१६. पहिलं महायुद्ध चालू होतं. तरुण सैन्यात जात असताना खेळ चालू ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून बहुतेक क्लबांनी माघार घेतली. उरले चार: फिट्झरॉय, कार्लटन, कॉलिंगवूड आणि रिचमंड. चारही शहरालगतच्या उपनगरांचे, कामगारांचा मोठा पाठिंबा असलेले. हंगामात फिट्झरॉयने बारापैकी दोनच सामने जिंकले आणि तो चौथा, म्हणजे शेवटचा आला. पण संघच चार असल्यामुळे चौघेही बाद फेरीत गेले. तिथे फिट्झरॉय एकामागून एक सामने जिंकत गेला आणि विजेता ठरला. एकाच हंगामात शेवटचा आणि पहिला असण्याचा हा विक्रम इतर कुणाच्या नावावर नाही.

या काळात क्लब वाढला म्हणजे नेमकं काय वाढलं? उपनगर वाढलं, तसा तो वाढला. लीगने पुढे विभाग आखून दिले: ज्या भागात घर, त्या भागाच्या क्लबातून खेळायचं. त्यामुळे शनिवारी मैदानात उतरणारा माणूस आठवडाभर गल्लीत दिसणारा असे. प्रेक्षक पायी येत. शेजारचं कॉलिंगवूड मोजून एक रस्ता ओलांडला की सुरू होई, आणि तो रस्ता म्हणजे दोन निष्ठांमधली सरहद्द. ‘तुमचा क्लब कोणता’ हा मेलबर्नमधला प्रश्न मुळात ‘तुम्ही राहता कुठे’ असाच होता.

पण ‘आपला माणूस’ म्हणताना त्यात कोण धरलं जात होतं? इथे डग निकोल्स यांची गोष्ट सांगायला हवी. मरी नदीकाठच्या कुमेरागंजा या आदिवासी वसाहतीत १९०६ साली त्यांचा जन्म झाला. उंचीने लहान, पण पळायला विलक्षण. लीगमधल्या दुसऱ्या एका क्लबात ते आधी गेले, तेव्हा त्यांच्या कातडीच्या रंगावरून त्यांना तिथे टिकू दिलं नाही. मग ते असोसिएशनमधल्या नॉर्थकोट संघाकडून खेळले आणि १९३२ मध्ये फिट्झरॉयला आले. कपडे बदलण्याच्या खोलीत ते एका बाजूला एकटे बसत. हेडन बंटन हा तेव्हा क्लबचा सर्वांत मोठा खेळाडू. त्याने निकोल्स यांच्याशेजारी आपली जागा केली. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं ब्राउनलो पदक बंटनने तीनदा मिळवलं. १९३१ ते १९३६ या सहा वर्षांत हे पदक पाच वेळा फिट्झरॉयच्या खेळाडूंकडे गेलं, आणि तरी त्या सहा वर्षांत क्लबला एकही विजेतेपद मिळालं नाही. मला या सगळ्या पदकांपेक्षा बाकावरची ती जागा मोठी वाटते.

निकोल्स पुढे धर्मोपदेशक झाले. फिट्झरॉयच्याच गोर स्ट्रीटवर त्यांनी आदिवासी ख्रिस्ती मंडळी चालवली. कामाच्या शोधात शहरात आलेल्या आदिवासी कुटुंबांचा तो आधार होता. आदिवासींच्या हक्कांसाठी ते आयुष्यभर झगडले. १९७२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, १९७६ मध्ये ते साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. आज लीगमध्ये आदिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ दरवर्षी जी फेरी होते, ती त्यांच्या नावाने. पण एक बाक सरकल्याने सगळं बदललं नाही, हेही खरं. आदिवासी खेळाडूंना प्रेक्षकांतून शिव्या ऐकाव्या लागत, त्या नंतरही कित्येक दशकं चालूच राहिल्या.

फिट्झरॉयचं शेवटचं विजेतेपद १९४४ सालचं. त्यानंतर उतार लागला, आणि त्याची कारणं मैदानात कमी, बाहेर जास्त होती. युद्धानंतर ज्यांना परवडलं ती कुटुंबं दूरच्या नव्या उपनगरांत, अंगण असलेल्या घरांत गेली. त्यांच्या जागी इटली, ग्रीस या देशांतून माणसं आली. त्यांच्यापैकी अनेकांचा फुटबॉल वेगळा होता. सरकारने जुन्या वस्त्या ‘झोपडपट्टी’ ठरवून पाडल्या आणि तिथे विसेक मजल्यांच्या चार इमारती उभ्या केल्या. ज्या गल्ल्यांमधून खेळाडू येत, त्यांतल्या काही नकाशावरूनच गेल्या.

१९६३ मध्ये क्लबने संपूर्ण हंगामात एकच सामना जिंकला. तोही कसा? कर्णधार आणि प्रशिक्षक केव्हिन मरी राज्याच्या संघाकडून खेळायला गेलेला असताना, याच मैदानावर, जिलाँगविरुद्ध. आणि जिलाँग त्या वर्षीचा विजेता ठरला. पुढच्या वर्षी तेवढंही जमलं नाही. १९६४ मध्ये फिट्झरॉय एकही सामना जिंकला नाही. मरी मात्र खेळत राहिला. फिट्झरॉयकडून तो ३३३ सामने खेळला आणि १९६९ मध्ये त्याने ब्राउनलो पदक मिळवलं.

तोवर क्लबचं घर गेलं होतं. मैदानावर क्रिकेट क्लबचा हक्क, पालिकेचा हक्क, भाडं कुणी द्यायचं, डागडुजी कुणी करायची, हे वाद मिटेनात. १९६६चा हंगाम संपल्यावर फिट्झरॉयने ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हल सोडलं. तिथून पुढची तीस वर्षं भाडेकरूची. आधी कार्लटनचं प्रिन्सेस पार्क, मग सेंट किल्डाचं जंक्शन ओव्हल, मग कट्टर शेजारी कॉलिंगवूडचं व्हिक्टोरिया पार्क, पुन्हा प्रिन्सेस पार्क आणि शेवटी फूट्सक्रेचं वेस्टर्न ओव्हल. मध्ये दोन हंगाम काही ‘घरचे’ सामने तर समुद्रापलीकडे टास्मानियात, होबार्टला झाले. या भटकंतीतही चांगले दिवस आले. १९७९ मध्ये फिट्झरॉयने मेलबर्न क्लबला १९० गुणांनी हरवलं; लीगच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा विजय. १९८६ मध्ये तो अंतिम सामन्यापासून एक पाऊल दूर राहिला. पण नावात फिट्झरॉय आणि पत्ता दुसऱ्याचा, अशी अवस्था असताना नवा प्रेक्षक येणार कुठून? लहान मुलाला बापाने बोट धरून न्यायचं ते मैदान आता पायी जाण्याजोगं नव्हतं.

त्याच सुमारास लीगने देशभर पसरायचं ठरवलं. १९८७ मध्ये पर्थ आणि ब्रिस्बेनचे नवे संघ आले, १९९० मध्ये लीगचं नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झालं. दूरचित्रवाणीचे हक्क, प्रायोजक, पगारी खेळाडू. हिशोब मांडणाऱ्यांना दिसत होतं की एका शहरात इतके क्लब पोसले जाणार नाहीत. १९८९ मध्ये फिट्झरॉय आणि फूट्सक्रे यांचं विलीनीकरण जवळजवळ झालंच होतं. फूट्सक्रेच्या लोकांनी दारोदार पैसे गोळा करून आपला क्लब वाचवला आणि ते टळलं. फिट्झरॉयला मात्र तशी वस्ती मागे उरली नव्हती. नाऊरू या छोट्या बेटराष्ट्राच्या विमा महामंडळाकडून क्लबने कर्ज घेतलं होतं. ते फिटेना, तेव्हा जून १९९६ मध्ये सावकाराने प्रशासक नेमला. नॉर्थ मेलबर्नशी एक होण्याची बोलणी पुढे गेली होती, पण ४ जुलैला लीगने ब्रिस्बेनच्या बाजूने कौल दिला. फिट्झरॉयचे आठ खेळाडू ब्रिस्बेनला जाणार, आणि तिथल्या संघाचं नाव होणार ब्रिस्बेन लायन्स. सिंह हे फिट्झरॉयचं बोधचिन्ह होतं.

हंगामाचे उरलेले सामने तरीही खेळावे लागले. मेलबर्नमधल्या शेवटच्या सामन्याला सुमारे ४८ हजार लोक आले आणि त्यांनी आपल्या क्लबला १५१ गुणांनी हरताना पाहिलं. १ सप्टेंबर १९९६ रोजी पर्थमध्ये फ्रीमँटलविरुद्ध शेवटचा सामना झाला. तोही हरला. दोनच वर्षांपूर्वी, १९९४ मध्ये, फिट्झरॉयची नगरपालिका शेजारच्या पालिकांबरोबर यारा शहरात विलीन झाली होती. दोन वर्षांच्या आत उपनगराची पालिकाही गेली आणि लीगमधला संघही.

शेजारच्या गृहस्थांचा क्लब इथे संपतो. ब्रिस्बेन लायन्सने २००१, २००२ आणि २००३ अशी सलग तीन विजेतेपदं मिळवली. फिट्झरॉयच्या अनेक जुन्या चाहत्यांनी त्यांना आपलं मानलं. मेलबर्नमध्ये ब्रिस्बेनचा सामना असला की आजही ते जातात. काहींनी दुसरा क्लब धरला. काहींनी शनिवारी बागकाम सुरू केलं. आमचे शेजारी या तिसऱ्या गटातले.

पण कागदोपत्री एक गोष्ट राहून गेली होती. ब्रिस्बेनकडे गेलं ते लीगमधलं स्थान, खेळाडू आणि चिन्ह. फिट्झरॉय फुटबॉल क्लब ही नोंदलेली संस्था विसर्जित झाली नव्हती. देणी फिटली, प्रशासक गेला, आणि मूठभर भागधारकांच्या हाती एक नाव उरलं. त्यांनी ते विकलं नाही. छोट्या क्लबांना मदत करत ते थांबले. एडिनबरा गार्डन्सच्या मैदानावर तेव्हा मेलबर्न विद्यापीठातून निघालेला ‘रेड्स’ नावाचा हौशी संघ खेळत होता. दोघं एकत्र आले, आणि २००९ मध्ये फिट्झरॉय हे नाव पुन्हा सामन्यांच्या यादीत दिसलं: व्हिक्टोरियन अमॅच्युअर फुटबॉल असोसिएशनमध्ये, खालच्या विभागात, ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हलवर. १९६६ नंतर प्रथमच क्लबला नाव आणि पत्ता एकाच ठिकाणचा मिळाला होता.

ही हौशी संघटना १८९२ पासून आहे. तिथे विभागांची शिडी असते. जिंकलं तर वरच्या विभागात, हरलं तर खालच्या. पैसे येतात वर्गणीतून, चहाच्या खिडकीतून, आसपासच्या दुकानांच्या पाट्यांतून. २०१७ मध्ये असोसिएशनने स्त्रियांची स्पर्धा सुरू केली. आज फिट्झरॉयच्या जर्सीत स्त्रियांचे संघ उतरतात. क्लबच्या पहिल्या शंभर वर्षांत स्त्रिया होत्या त्या प्रेक्षागारात, नाहीतर जर्सी धुण्याच्या टबापाशी. म्हणजे लीगमधून बाहेर पडल्यावर क्लब आकाराने लहान झाला, पण त्याचं दार रुंद झालं.

तरी शेजाऱ्यांचं म्हणणं मला मोडीत काढता येत नाही. आजच्या फिट्झरॉयमध्ये बुटांच्या कारखान्यांच्या इमारतींत महागडी घरं आहेत. कठड्याला टेकलेल्या तरुणांचे आजोबा बहुधा दुसऱ्याच कुठल्या क्लबाचे असावेत. ज्यांच्यासाठी हा क्लब निघाला, त्या कामगारांच्या नातवंडांना इथलं भाडं परवडत नाही. वस्तीच बदलली, तर तिचा क्लब तोच कसा?

याला माझं उत्तर एवढंच. वस्ती प्रत्येक पिढीत बदलत आली आहे. १८८३ च्या सभेला बसलेल्यांना निकोल्स अनोळखी वाटले असते, आणि निकोल्स यांना आजची स्त्री कर्णधार. क्लब टिकला तो तेव्हा, जेव्हा आधीच्यांनी बाकावर सरकून जागा केली. आणि अडचणीत आला तेव्हा, जेव्हा त्याला चालत येण्याजोगी जागाच उरली नाही. परवाना लीगचा असतो, ती तो परत घेऊ शकते. नाव आणि मैदान सांभाळणाऱ्यांकडून मात्र काही घेता येत नाही, जोवर शनिवारी झेंडे हलवायला कुणीतरी येतं.

या खेळाचे चार भाग असतात. उपनगरातल्या क्लबांची एक जुनी पद्धत आहे: भाग संपला की प्रेक्षकांनी कठडा ओलांडून मैदानात जायचं. मुलं चेंडू मारत सुटतात. मोठी माणसं खेळाडूंच्या घोळक्याभोवती उभी राहून प्रशिक्षक काय सांगतो ते ऐकतात. मोठ्या लीगच्या सामन्यात हे शक्य नाही. गेल्या वेळी मीही गेले. मुलांच्या चेंडूला चुकवत त्या कड्याच्या बाहेरच्या रांगेत उभी राहिले. प्रशिक्षकाचं निम्मं बोलणं मला कळलं नाही. संघ चार गोलांनी मागे होता.

परतताना शेजाऱ्यांनी फाटकातून विचारलं, काय झालं? हरले, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, कितीने?